खिडकीतला कातारी

कातारणीने आयुष्यात कधी लेथला हात लावला नव्हता, तरी सगळी वस्ती तिला कातारीणच म्हणायची. नवरा लाकूड कातणारा, म्हणून ही कातारीण. तिला विचारायला कोण गेलंय. तशी कामाला ती होतीच. तो भांडं कातून द्यायचा आणि पुढचं सगळं हिच्या गळ्यात. सँडपेपर मारायचा, भेगा बुजवायच्या, तेल पाजायचं, मेण चढवायचं आणि फडक्याने घासून घासून चकाकी आणायची. चौतीस वर्षं हेच चाललं. गिऱ्हाईक आलं की कातारी भांडं हातात फिरवत म्हणायचा, "हे मी केलं." ती मागे उभी राहून मान डोलवायची. माणूस वाईट नव्हता हो. काही गोष्टी त्याच्या डोक्यात शिरतच नव्हत्या, एवढंच.

लेथला हात लावू द्यायचा नाही, याला त्याच्याकडे कारण तयार असायचं. म्हणायचा, हे कानाचं काम आहे, तुझा कान तयार नाही. आणि त्याचा कान खरंच तयार होता, ते नाकारून चालणार नाही. भांडं आतून कोरत नेताना भिंत किती पातळ झाली हे तो बघत नसे, ऐकत असे. भिंत जाड असली की हत्याराचा आवाज ढब्ब येतो, पातळ होत गेली की चढत जातो. त्या चढत्या आवाजावर तो अंदाज बांधायचा आणि नेमक्या क्षणी हत्यार उचलायचा. मशीन मध्ये थांबवून बोटांनी चाचपणाऱ्यांना तो हसायचा. म्हणायचा, कातारी मशीन थांबवतो ते जेवायला.

मग खोकला लागला. आधी घरच्या घरी काढे झाले, मग गोळ्या झाल्या, मग जिना चढताना मध्येच बसायची वेळ आली तेव्हा स्वारी डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं की इतक्या वर्षांचा भुसा आत जाऊन फुप्फुसं आखडत चालली आहेत. त्यातून बुरशी धरलेल्या लाकडाची धूळ सगळ्यात वाईट. कारखान्यात यापुढे पाऊल टाकायचं नाही.

कातारीने विचारलं, तोंडाला मास्क लावून? नाही. दिवसातून एक तास? नाही. नुसतं दारात उभं राहून? डॉक्टर कातारणीकडे वळून म्हणाला की बाई, तुम्हीच समजवा यांना. ती म्हणाली, ते आजवर कुणाला जमलंय, तुम्ही सांगा मी काय करू.

पण तिने केलं. कारखाना घराच्या मागे होता, मध्ये एक अरुंद बोळ. बोळात उघडणारी कारखान्याची एकच खिडकी होती. कातारणीने ती बंद करून चारी कडांना चिकटपट्टी मारली, दाराच्या फटीत फडकी कोंबली आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. दोन दिवस कातारी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बोळात खुर्ची नेऊन टाकली आणि काचेतून आत बघत बसला. आत बघायला होतं काय? बंद लेथ, भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं, आणि कोपऱ्यात झाकण लावलेलं एक निळं पिंप. तो पिंपाकडेच बघायचा.

त्या पिंपात गाठ होती. झाडाच्या बुंध्यावर कधी कधी आवाळू येतं, माणसाच्या मानेवर यावं तसं. झाडाला ते दुखणं, कातारीला मात्र घबाड. आतले रेशे सरळ न जाता एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे असं भांडं एकासारखं दुसरं होत नाही. जवळच्या शाळेच्या आवारातलं जुनं झाड वाऱ्यात पडलं तेव्हा त्याच्या बुंध्याला घागरीएवढी गाठ होती. तोडणाऱ्यांना जळणच हवं होतं. कातारी हातगाडी घेऊन गेला आणि गाठ घेऊन आला, आणि मग जे केलं त्याला शेजाऱ्यांनी वेडेपणा म्हटलं. त्याने ती ओल्या भुशात पुरली आणि कुजू दिली.

कुजवायचं असतं ते. लाकडात बुरशी शिरते, आणि जिथे दोन बुरशींची हद्द एकमेकींना भिडते तिथे काळी रेघ उमटते, टाकाने काढल्यासारखी बारीक. रंगाऱ्याच्या बापाला जमायची नाही. फक्त वेळ साधावी लागते. लवकर काढलं तर लाकूड कोरं, उशिरा काढलं तर हातात भुगा. कातारीने आधीच्या दोन गाठी अशाच घालवल्या होत्या, एक घाईने आणि एक आळसाने. ही तिसरी. अडीच वर्षं ती भुशात होती, दर दोन महिन्यांनी तो झाकण उघडून नख रोवून बघायचा. आणि आता, नेमकी वेळ जवळ आली तेव्हा, तो काचेच्या या बाजूला.

त्याला बाकी काही नको होतं. मुलगी लांब नांदत होती, सुखात होती. घर चाललं होतं. एवढं एक भांडं झालेलं बघायचं होतं, मग मेलो तरी चालेल, असं तो बोलून दाखवायचा, आणि कातारीण म्हणायची की मग तर ते न झालेलंच बरं.

पण मनातून तिलाही ते व्हायला हवं होतं. एक दिवस तिने स्वतःहून पिंपाचं झाकण काढलं, गाठ ओल्या फडक्यात गुंडाळली, वरून पिशवी बांधली आणि फक्त बोटभर जागा उघडी ठेवून बोळात आणली. कातारीने श्वास रोखून नख रोवलं. तो म्हणाला, महिना. फार तर महिना, पुढे ही गेली.

आता कातणार कोण, हा प्रश्न आला. दोन गल्ल्या सोडून एक लेथवाला होता. त्याला बोलावलं. त्याने गाठ बघितली, वा वा केलं, आणि म्हणाला की याचे काप काढून भिंतीवरची घड्याळं करू, भांड्याच्या फंदात कशाला पडता, फुटलं तर सगळंच जायचं. कातारीने त्याला चहाही विचारला नाही. तो गेल्यावर कातारीण म्हणाली, "मी करते."

कातारी हसला. मुद्दाम नाही हसला, त्याच्या नकळत हसू आलं, पण आलं. त्याचं खोकल्यात रूपांतर झालं, आणि खोकला थांबेपर्यंत ती पाणी घेऊन उभी होती. मग तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि त्याला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मुलीने कुरिअरने तोंड पूर्ण झाकणारा मास्क पाठवला, समोर काच आणि बाजूला दोन डबे असलेला. तो चढवला की कातारीण ओळखू येत नसे, आणि तिला बाहेरचं अक्षर ऐकू येत नसे. म्हणून खुणा ठरल्या. पंजा वर म्हणजे थांब. मनगट वळवून दाखवलं की हत्याराची धार फिरव. तळहात खाली दाबला की हळू. कपाळावर हात मारला की काय, ते ठरवावं लागलं नाही. तिला ते चौतीस वर्षांपासून ठाऊक होतं.

पडीक लाकडावर शिकवणी सुरू झाली. पहिलं भांडं भिंतीवर जाऊन आदळलं. दुसऱ्याचं बूड गेलं. तिसरं बरं झालं असतं, पण कातारी काचेमागून इतक्या खुणा करत होता की तिने वैतागून मशीन बंद केलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. घरी येऊन म्हणाली, तुम्ही रहदारीचे पोलीस आहात का? तो म्हणाला, तुझी मान फार ताठते. ती म्हणाली, बायकांच्या मानेवर बोलायचं वय गेलं आता. असं आठ-दहा दिवस चाललं. आणि सहावं भांडं नीट झालं.

नीट म्हणजे खरंच नीट. कातारीने ते धुऊन पुसून हातात घेतलं आणि दोष काढायला बसला, पण फारसा काही निघेना. फक्त तिची एक सवय त्याला सहन होत नव्हती. ती सारखी मशीन थांबवायची. चार हात मारले की मशीन बंद, आत अंगठा, बाहेर बोटं, आणि भांड्याच्या काठापासून बुडापर्यंत चिमटीत भिंत धरून फिरायची. मग परत चालू. त्याने सांगितलं, ऐक की, आवाज ऐक. ती म्हणाली की मास्कमध्ये मला माझाच श्वास ऐकू येतो, दुसरं काही नाही. आणि तुमच्या प्रत्येक भांड्याला मी आतून-बाहेरून पेपर मारलाय. भिंत कशी असते ते माझ्या बोटांना विचारा. त्याने विचारलं नाही.

महिन्यातले सतरा दिवस गेल्यावर तिने गाठ लेथवर चढवली. मऊ पडलेल्या जागा तिने आधीच कातारीकडून दाखवून घेतल्या होत्या. तिथे पाण्यासारखा पातळ गोंद थेंब थेंब जिरवला, तो वाळून दगडासारखा झाला, तेव्हा हत्यार लावलं. साल उडाली, खालचं मळकट लाकूड उडालं, कारखान्यात भुशाचा धूर झाला आणि कातारीला काही दिसेना. तो काचेला नाक लावून उभा राहिला. धूर खाली बसला तेव्हा गोलाकार आला होता. पोटात फुगीर, गळ्याशी अलगद मिटणारा.

बाहेरची बाजू तिने त्याच आठवड्यात पुरी केली. जाड पेपर, मग मध्यम, मग इतका बारीक की हातातून निसटेल. मग फडक्याने एक हात तेलाचा. आणि ती मुद्दाम बाजूला सरली, म्हणजे त्याला खिडकीतून दिसावं.

तेल पडताच रेघा उठल्या. काळ्या, नागमोडी, एकीतून दुसरी फुटलेली. मधले तुकडे कुठे मधाच्या रंगाचे, कुठे राखाडी, कुठे दुधासारखे. गाठीतले बारीक डोळे त्यातून शेकड्यांनी बघत होते. कातारीने चाळीस वर्षांत असं लाकूड बघितलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते तिला दिसू नयेत म्हणून तो खाली वाकून चपलेचा पट्टा लावू लागला. तिला दिसलं. पण मास्कमध्ये बोलून उपयोग नव्हता.

राहिलं आतलं कोरणं. ते तिने दुसऱ्या दिवशी सकाळी काढलं. कातारी तिच्याही आधी खुर्चीत जाऊन बसला होता. सकाळभर काम संथ चाललं. कोर, थांब, चिमटीने बघ, पुन्हा कोर. त्याला खुणा करायला जागाच मिळेना. हात मांडीवर ठेवून तो ऐकत राहिला. काच बंद असली तरी मशीनचा आवाज भिंतीतून यायचा, आणि त्याच्या कानाला तेवढा पुरे होता. ढब्ब, ढब्ब, मग जरा मोकळा, मग आणखी मोकळा. ठीक चाललंय, तो स्वतःशी म्हणाला. उन्हं बोळात आली तेव्हा बूड झालं होतं, पोट झालं होतं, गळ्यापाशी थोडं राहिलं होतं.

आणि तेव्हा आवाज एकदम चढला.

तो उठून उभा राहिला. हा आवाज त्याला ठाऊक होता. हा आवाज आला की भिंत कागदाएवढी उरलेली असते, आणखी अर्धा हात मारला की हत्यार आरपार. आवाज थांबला, पुन्हा आला, पहिल्याहून बारीक. त्याने पंजा वर केला. तिचं लक्ष भांड्यात होतं. त्याने दोन्ही पंजे वर केले. ती वाकली होती, कोपर अंगाशी घट्ट, हत्यार टेकूवर स्थिर, अगदी त्याने शिकवलं तसं. त्याने ओरडायचा प्रयत्न केला आणि छातीतून नुसती शीळ आली. दाराला आतून कुलूप, किल्ली तिच्या कमरेला.

लाकडात हत्यार असताना कातारीला हाक मारायची नाही, हे या धंद्यात कुणाला शिकवावं लागत नाही. घर पेटलं तरी मशीन थांबेपर्यंत दारात उभं राहायचं. हिने तर गेली चौतीस वर्षं ते पाळलं होतं. मुलगी पडून दात तुटला तेव्हासुद्धा तिला कडेवर घेऊन ती दारात उभी होती, तो हत्यार उचलेपर्यंत. हे सगळं त्याला माहीत होतं आणि तरी त्याने खुर्चीखालचा पाण्याचा स्टीलचा पेला उचलला आणि काचेवर ठोकला. एकदा नाही, तीनदा, आणि तो खणखणाट मास्कमधूनही पोहोचला.

तिने वर बघितलं.

हत्याराचं टोक काठात घुसलं. बंदुकीसारखा आवाज झाला आणि भांडं नव्हतं. भांडं धरून ठेवणाऱ्या लेथच्या चकावर बुडाचा एक तुकडा तेवढा गरगरत राहिला.

तिने हात लांब करून मशीन बंद केलं. उजव्या हाताच्या मागच्या बाजूला रक्त आलं होतं, फार नाही. तिने ते बघितलं, पदराला पुसलं आणि खाली बसून तुकडे वेचू लागली. कातारी काचेला दोन्ही हात लावून उभा होता. लागलंय का, किती लागलंय, तो विचारत होता आणि आत काही पोहोचत नव्हतं. तिने लेथखालचे वेचले, मग कपाटामागचे, मग भुशात हात घालून बारीकसारीक. खिडकीकडे एकदाही बघितलं नाही. त्याला आत जायचं होतं. तिच्या शेजारी बसून निदान चार तुकडे उचलायचे होते, आणि एवढ्याशा कामाच्या आड एक बंद दार आणि त्याची स्वतःची छाती होती.

बाहेर आल्यावरही ती लगेच त्याच्याजवळ येऊ शकत नव्हती. कपडे बदलून, डोक्यावरून अंघोळ करून, मगच. हा नियम तिनेच केलेला. न्हाणीघरात पाणी पडत राहिलं आणि तो बोळातल्या खुर्चीत बसून पाण्याचा आवाज ऐकत राहिला. काय बोलायचं ते त्याने मनात जुळवलं. चुकलो म्हणायचं. सरळ म्हणायचं, आढेवेढे नकोत.

ती ओल्या केसांनी आली. हाताला चिंधी बांधलेली. एक तुकडा तिने नळाखाली धुऊन आणला होता, तो त्याच्या हातात दिला. आणि त्याच्या तोंडून बाहेर पडलं ते भलतंच.

"वर कशाला बघितलंस?"

ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुम्ही हाक मारलीत आणि मी बघितलं नाही, असं आजवर कधी झालंय का?" ती म्हणाली. "आज कशी बघणार नाही?"

तो आवाजाबद्दल बोलू लागला. आवाज चढला होता, भिंत संपली होती, तुला ऐकू येत नव्हतं, मला येत होतं. ती शांतपणे म्हणाली की गळ्यापाशी मऊ जागा होती, तिथे मी गोंद भरला होता. गोंद वाळला की तिथून आवाज बारीकच येणार. लाकडाचा नव्हता तो. आणि भिंत अजून होती. शेवटचा हात मारत होते, मग थांबणारच होते.

एवढं सांगून ती आत गेली.

कातारीने तुकडा चिमटीत धरला. आत अंगठा, बाहेर बोटं, अगदी ती धरायची तसा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवला. जाडी सगळीकडे सारखी. त्याने डोळे मिटून पुन्हा फिरवला. सारखी. त्याच्या स्वतःच्या भांड्यांची इतकी सारखी कधी आली होती, ते त्याला आठवेना.

पण हा बाजूचा तुकडा असेल. गळ्याचा वेगळा असेल. त्याने हाक मारून बाकीचे मागितले. तिने घमेलं आणून पुढ्यात ठेवलं, सगळे धुतलेले, आणि त्याने एकेक उचलून चाचपायला सुरुवात केली. कुठेतरी एक तुकडा असणार. एक तरी, कागदासारखा पातळ, ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल की बघ, मी ठोकलं नसतं तरी हे गेलंच असतं. त्याला दुसरं काही नको होतं, तेवढा एक तुकडा हवा होता. चाचपून झालेले तो डाव्या बाजूला ठेवत गेला. ढीग वाढत गेला. गळ्याचे तुकडे सापडले, गोंदाने काळपट झालेले, आणि त्यांचीही भिंत होती तितकीच होती.

ती दारात येऊन उभी राहिली होती. तो काय शोधतोय ते तिला कळायला वेळ लागला नाही.

"नाही सापडायचा," ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. ती आत जाऊन कारखान्यातल्या भुशातून चाळून, धुऊन ठेवलेले उरलेसुरले बारीक तुकडे एका वाटीत घेऊन आली आणि तेही त्याच्यापुढे ठेवले.